रविवारची गोळी कुठे जाते?

गेल्या अंकात डिप्रेशनच्या गोळ्यांवर लिहिलं होतं, त्यात शेवटाकडे एकच ओळ टाकली होती की काही गोळ्यांनी लैंगिक इच्छेवर परिणाम होतो, झाला तर डॉक्टरांना सांगा. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेल आले की बाकीचा लेख कुणी वाचला का नाही असंच वाटायला लागलं. बहुतेकांनी "नाव छापू नका" लिहिलंय, नाही छापत. गावंही बदललीत. एकाच प्रश्नाची आठ-दहा पत्रं होती तिथे एकच घेतलंय.

प्रश्न : वय ३३, चाकणला कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी. मागच्या वर्षी पॅनिक अटॅक यायचे, ईसीजी, टूडी इको सगळं नॉर्मल, मग मानसोपचारवाल्यांकडे गेलो, एस्सिटॅलोप्रॅम चालू झाली, आता २० ची आहे. अटॅक बंद झालेत हे खरंय. पण सहा महिन्यांपूर्वी लग्न झालं आणि प्रॉब्लेम असा की संबंधाच्या वेळी शेवट होतच नाही, अर्धा तास, पाऊण तास, मग दोघंही वैतागून झोपतो. बायकोला वाटतं मला ती आवडत नाही. तिला मी सांगितलंय की गोळ्या व्हिटॅमिनच्या आहेत. आता मी शनिवार-रविवार गोळी खातच नाही, पण सोमवारी लाइनवर उभा असताना डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. मित्र म्हणतो लकी आहेस, लोक यासाठी पैसे मोजतात.

उत्तर : आधी मित्राचं बघू कारण तो अर्धा बरोबर आहे. शीघ्रपतनासाठी डॅपोक्सेटिन नावाची गोळी मिळते ना, ती तुमच्या एस्सिटॅलोप्रॅमच्याच घराण्यातली. म्हणजे ज्या परिणामाने तुम्ही हैराण आहात तोच परिणाम दुसऱ्या कुणाला चिठ्ठीवर लिहून दिला जातो. ही औषधं मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतात, त्याने भीती खाली बसते, पण वीर्यपतनाचा जो सिग्नल मेंदूतून मणक्यात उतरतो त्यालाही तेच सेरोटोनिन ब्रेक लावतं, आणि इच्छा, उत्साह ज्याच्यावर चालतो ते डोपामिन नावाचं दुसरं रसायनही थोडं दबतं. यात तुमच्यात काही खराबी आलेली नाही आणि बायको आवडण्या-न आवडण्याचा तर काही संबंधच नाही.

आता हे किती जणांना होतं? या जातीची पहिली गाजलेली गोळी फ्लुओक्सेटिन, अमेरिकेत १९८७ च्या अखेरीला मंजूर झाली, आणि सुरुवातीच्या माहितीपत्रकांत हा त्रास अगदी किरकोळ लोकांना होतो असं दिसायचं. मग १९९७ मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी ३४४ पेशंटचा अभ्यास छापला. आपणहून किती जणांनी सांगितलं? १४ टक्के. डॉक्टरने तोंड उघडून सरळ विचारल्यावर? ५८ टक्के. पेशंट तेच, गोळ्या त्याच, फक्त कुणीतरी विचारलं. २००१ मध्ये त्यांनीच हजाराच्या वर पेशंट घेऊन पुन्हा बघितलं तरी ५९ टक्क्यांच्या आसपासच आलं.

हे वाचून शहाणा झालो असं नाही सांगणार. मीही कितीतरी वर्षं "झोप कशी? भूक कशी? चक्कर येते का?" एवढंच विचारून चिठ्ठी रिपीट करायचो, बाहेर चाळीस जण बसलेले असायचे. एकदा एकाने औषधांची कॅरीबॅग टेबलावर उपडी केली, त्यात संपत आलेल्या स्ट्रिपा. सवयीने उचलून बघितल्या. पाच गोळ्या फोडलेल्या, दोन शाबूत, परत पाच फोडलेल्या, परत दोन शाबूत, आणि चांदीच्या कागदावर मागे बॉलपेनने वार लिहिलेले, का तर विसरायला नको म्हणून. म्हटलं शनिवार-रविवारी काय असतं? मान खाली घालून म्हणाला, बायको गावाहून येते सर. आठ महिने तो माझ्याकडे येत होता, आणि हे मला त्याने नाही, स्ट्रिपने सांगितलं.

तुम्ही करताय ते नेमकं हेच आहे. आणि ही आयडिया अगदी अडाणीपणाची नाही बरं का, १९९५ मध्ये वीकेंडला गोळी बंद ठेवायचा एक छोटा प्रयोग झाला होता, सर्ट्रालिन आणि पॅरोक्सेटिनवाल्यांना थोडा फरक पडला, फ्लुओक्सेटिनवाल्यांना काहीच नाही कारण ती अंगातून जायलाच आठवडे लावते. पण फरक पडतो म्हणजे गोळी खरंच उतरायला लागलीय, आणि उतरायला लागली की ते करंट बसणं, चक्कर, चिडचिड हे सगळं येतंच, मशीनच्या बाजूला उभं राहून ते नको. शिवाय दोन दिवस नाही खाल्ली तरी चाललं, मग तीन दिवस, मग बंदच, आणि महिन्या-दोन महिन्यांत पॅनिक परत दारात, हा रस्ता मी खूप जणांचा बघितलाय.

तेव्हा असं करा, या वेळी डॉक्टरांकडे गेलात की खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच बोला, "वीर्यपतन होत नाहीये." दाराच्या हँडलला हात लावून बोलू नका. आणि "वीकनेस वाटतो" असलं काही नको, डॉक्टर बी-ट्वेल्व्ह लिहून मोकळे होतील. अटॅक थांबून किती महिने झाले ते बघून डोस हळूहळू १५, मग १० वर आणता येतो का हा पहिला विचार, बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. नाहीतर औषध बदलायचं. हा त्रास सगळ्यात कमी देणारं म्हणजे ब्युप्रोपिऑन, पण पॅनिकसाठी ते फारसं कामाचं नाही, कधी फीट आली असेल तर तर नकोच. मर्टाझापिनने या बाबतीत त्रास कमी, पण भूक आणि झोप दणकून वाढते, नाइट शिफ्टला अवघड. व्हॉर्टिऑक्सेटिन हाही एक पर्याय आहे. सिल्डेनाफिलने ताठरपणाला मदत होते, लांबणाऱ्या शेवटाला तेवढी नाही. यातलं काय तुम्हाला बसेल ते समोर बसूनच ठरेल. आपोआप जाईल म्हणून थांबू नका, पहिल्या काही महिन्यांत काहींचं जातं, पण तुम्ही आता त्याच्या पुढे आलात.

आणि ते व्हिटॅमिनचं खोटं या आठवड्यातच संपवा हो. ती बिचारी सहा महिने स्वतःच्या दिसण्यात खोट शोधत असेल. पुढच्या व्हिजिटला तिला बरोबर न्या, तुम्हाला सांगायला जड जात असेल तर डॉक्टर सांगतील.

प्रश्न : मी ४१, कोल्हापूर जिल्हा, शिक्षिका. तीन वर्षं पॅरोक्सेटिन घेते. मन शांत आहे, घर नीट चाललंय. पण शरीराला काही जाणवतच नाही, इच्छा होत नाही, आणि झाली तरी तो जो शेवटचा सुखाचा क्षण असतो तो तीन वर्षांत एकदाही आला नाही. गायनॅकला विचारलं तर म्हणाल्या वयानुसार होतं. मानसोपचार डॉक्टर म्हणाले, तुम्ही जिवंत आहात हे बघा ना. मग मलाच लाज वाटली. मी जास्त मागतेय का?

उत्तर : नाही ताई. जीव वाचला हे खरं, पण म्हणून बाकी कशाची चौकशी करायची नाही असं कुठे लिहिलंय? उलट २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात लिहिलंय की उपचार कुठला, त्याचे माहीत असलेले साइड इफेक्ट काय, हे समजून घेणं पेशंटचा हक्क आहे. मीही डॉक्टरच आहे, तेव्हा आमच्या जातवाल्यांबद्दल सांगतो, पुरुष पेशंटला हे विचारायला आम्ही लाजतो, बाईला विचारायचं तर आमच्या डोक्यातच येत नाही.

एकेचाळीस म्हणजे काय वय झालं का. थायरॉइड एकदा बघून घ्या, पाळी पुढे-मागे होतेय का, कोरडेपणा आहे का हेही गायनॅकशी बोला, पण गोळी चालू झाल्यापासूनच असं झालंय म्हणताय तर पहिला संशय गोळीवरच. त्यातून पॅरोक्सेटिन या त्रासाच्या बाबतीत तिच्या सगळ्या भावंडांत वरच्या नंबरावर. बदल करता येतो. पण तीच गोळी झटक्यात बंद केली तर सगळ्यात जास्त पिडणारीही आहे, चक्कर, मळमळ, रडू, भयंकर स्वप्नं, त्यामुळे बदल कासवाच्या गतीने, काही आठवडे घेऊन. परीक्षा, पेपर तपासणीच्या दिवसांत नको, मे महिन्याची सुट्टी बरी. सिल्डेनाफिलचा बायकांवर या त्रासासाठी अमेरिकेत २००८ मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता, त्या क्षणापर्यंत पोचायला थोडी मदत झाली, इच्छा काही वाढली नाही. तो पहिला उपाय म्हणून मी सुचवणार नाही.

आणि एक, डिप्रेशन स्वतःसुद्धा इच्छा मारतं. म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगा : आजाराच्या आधी कसं होतं, आजारात गोळीच्या आधी कसं होतं, आणि गोळीनंतर कसं आहे. या तीन उत्तरांतून अर्धं निदान होतं.

प्रश्न : धाकट्या बहिणीसाठी लिहितेय. वय २६, जळगावकडे आईजवळ असते. दोन वर्षांपूर्वी कानात आवाज यायचे, कुणीतरी मारायला येतंय म्हणायची, रिस्पेरिडॉनने खूप सुधारली, आता शिवणक्लास घेते. पण पाच महिने पाळी नाही आणि आता कपड्यांवर डाग पडतात, छातीतून दुधासारखं येतं. आईने तिला मारलं, काय केलंस सांग म्हणून. तिने रडून गोळ्या फेकल्या. ॲसिडिटीची गोळी तेवढी रोज घेते. स्थळं बघणं चालू आहे.

उत्तर : हे पत्र दोनदा वाचलं. मारलं, ते आधी थांबवा. आईला समजावून सांगायची जबाबदारी तुमची, ती माझं ऐकेल न ऐकेल, मोठ्या मुलीचं ऐकेल.

मेंदूच्या बुडाशी एक ग्रंथी असते, ती प्रोलॅक्टिन बनवते, बाळंतिणीला दूध आणणारं हेच ते. एरवी डोपामिन त्याला दाबून ठेवतं. रिस्पेरिडॉन, ॲमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल ही औषधं आवाज थांबवण्यासाठी डोपामिनलाच अडवतात, मग तिकडचं झाकण उघडं पडतं, प्रोलॅक्टिन वाढतं, पाळी थांबते, दूध येतं, इच्छा जाते. पुरुषांमध्येही होतं, छाती सुजते, ताठरपणा जातो, आणि ते कुणाला न सांगता गोळी सोडतात. शरीराला वाटतं मूल झालंय, बाकी काही नाही. खात्रीसाठी मेडिकलमधून प्रेग्नन्सीचं किट आणा, पण "टेस्ट करून घेऊ म्हणजे डॉक्टर विचारायचे नाहीत" अशा सुरात, आरोपीसारखं नको.

आता तुमच्या पत्रातलं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य : ॲसिडिटीची गोळी. त्या कॅप्सूलच्या पाठीमागचं बारीक छापलेलं वाचा. आपल्याकडे रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलच्या जोडीला लिव्होसल्पिराइड किंवा डॉम्पेरिडॉन घातलेल्या कॅप्सूल सर्रास मिळतात, ही दोन्ही स्वतःच प्रोलॅक्टिन वाढवतात. लिव्होसल्पिराइड तर रिस्पेरिडॉनसारखंच डोपामिन अडवणारं आहे. तिची तशी असेल, तर एकीकडून मानसोपचारवाला आणि दुसरीकडून पोटाचा डॉक्टर, दोघांनी मिळून एकच झाकण उघडं ठेवलंय आणि दोघांनाही एकमेकांचं माहीत नाही. जळजळ खरंच असेल तर नुसती साधी गोळी चालते का विचारा.

प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी करा. उठल्या उठल्या नको, उठून दोन-तीन तासांनी, शांत बसवून, कारण झोपेत आणि ताणात ते तसंच वाढतं. गरोदर नसलेल्या बाईत साधारण २५ (ng/ml) पर्यंत नॉर्मल धरतात, लॅबप्रमाणे थोडं इकडे-तिकडे. फारच जास्त आलं, किंवा डोकं दुखतंय, बाजूचं नीट दिसत नाहीये असं असेल तर ग्रंथीचा एमआरआय करायला सांगतील, घाबरू नका.

रिपोर्ट गायनॅकला दाखवलात तर प्रोलॅक्टिन उतरवायला कॅबरगोलिन लिहून देण्याची शक्यता आहे. एरवी बरोबर, पण ते डोपामिन वाढवणारं औषध, तिचे आवाज परत येऊ शकतात. म्हणून मानसोपचार डॉक्टरांना फोन केल्याशिवाय चालू करू नका. त्यांच्याकडे डोस कमी करणं, सोबतीला थोडी ॲरिपिप्राझोल देणं, किंवा हळूहळू प्रोलॅक्टिन न वाढवणाऱ्या औषधावर नेणं असे मार्ग आहेत, आणि ते चांगले चालतात. फेकलेल्या गोळ्यांचं आजच फोन करून सांगा, किती दिवस बंद आहेत तेही. पाळी वर्षानुवर्षं बंद राहिली तर हाडं ठिसूळ होतात, म्हणून "चाललंय तर चालू दे" हेही नको.

स्थळांबद्दल : औषध बदलल्यावर पाळी येईल आणि गर्भही राहू शकेल, त्यामुळे लग्नानंतर कुठलं औषध चालू ठेवायचं हे आधीच बोलून ठेवा. आणि मुलाकडच्यांपासून आजार लपवून लग्न करू नका, नंतर गोळ्याही लपवाव्या लागतात, मग तिची गत वरच्या चाकणवाल्यासारखी.

प्रश्न : मासिक आमच्याकडे सासऱ्यांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळे वाचतात. असले विषय छापू नयेत.

उत्तर : सासऱ्यांचंही पत्र आलं असेल, नाव छापत नाही म्हणून कळत नाही एवढंच. बाकी १९३४ साली 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर मुंबईत अश्लीलतेचा खटला चालला, त्यांचं वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं, आणि तरी कर्व्यांना दंड झालाच. मला नुसतं पत्र आलंय, काळ बराच पुढे गेलाय म्हणायचा.

प्रश्न : वय ५८, शुगर, बीपी, एक स्टेंट. पत्नीच्या आजारपणानंतर सर्ट्रालिन चालू आहे. ताठरपणा येत नाही. मेडिकलवाल्याने ओळखीत चार निळ्या गोळ्या दिल्यात, अजून घेतल्या नाहीत. खिशात छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट असते.

उत्तर : घेतल्या नाहीत हे फार चांगलं केलंत काका. त्या निळ्या गोळीतलं सिल्डेनाफिल आणि सॉर्बिट्रेट एकाच दिवशी पोटात गेली तर बीपी असा कोसळतो की माणूस उठत नाही. त्या चार गोळ्या परत करा. "आयुर्वेदिक शक्तिवर्धक" म्हणून मिळणाऱ्या पुड्याही नकोत, त्यांत हेच औषध गुपचूप मिसळलेलं सापडलेलं आहे. चुकून कधी घेतलीत आणि छातीत दुखलं तर कॅज्युअल्टीत पहिल्यांदा तेच सांगायचं, लाज घरी ठेवून.

सगळा दोष सर्ट्रालिनवर टाकू नका. शुगर, बीपीची काही औषधं, स्टेंट लागण्याइतपत खराब झालेल्या रक्तवाहिन्या, यातल्या एकेकानेही हे होतं. पहाटे आपोआप ताठरपणा येतो का, आणि त्रास सर्ट्रालिनच्या आधीपासून होता का, एवढं आठवून हृदयवाल्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : गोळी बंद केल्यावर सगळं पहिल्यासारखं होतं का? नेटवर फार भयंकर वाचलं. आमच्याकडे गडचिरोलीत विचारायला जवळ कुणी नाही.

उत्तर : बहुतेकांचं होतं, काही दिवसांत ते काही आठवड्यांत. पण बहुतेक म्हणजे सगळे नाहीत. गोळी थांबवून महिने-वर्षं झाली तरी बधिरपणा, इच्छा नसणं टिकलेले काही लोक आहेत, आणि "तुमच्या मनाचे खेळ" म्हणून त्यांना फार वर्षं वाटेला लावलं गेलं. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिनच्या जातीच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात ही गोष्ट लिहायला लावली. त्यावर ठोस उपाय आजतरी नाही. हे वाचून चालू गोळी उद्यापासून सोडायची असं मात्र नाही, कारण डिप्रेशन माघारी येणं ही त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडणारी गोष्ट आहे. बोलायला १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. हाच प्रश्न त्यांना जसाच्या तसा विचारा.

प्रश्न : आमचं उलटंच आहे. मिस्टरांचं वय ३८, तीन महिन्यांपूर्वी औषध बदलून ॲरिपिप्राझोल चालू केली. आधी जवळ यायचे नाहीत, आता रोज दोन-तीन वेळा, नाही म्हटलं तर चिडतात. रात्री मोबाईलवर काहीबाही बघतात आणि ऑनलाइन रमीत पैसे गेलेत. सासूबाई म्हणतात नवरा बरा झाला, तक्रार कसली करतेस?

उत्तर : वहिनी, तक्रार करा. या औषधाने काही थोड्या लोकांत स्वतःला आवरता न येणाऱ्या इच्छा उसळतात, जुगार, खरेदी, खाणं, संबंध. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, मे २०१६ मध्ये याची सूचनाच काढली होती. डोस कमी केला किंवा औषध थांबवलं की बहुतेकांचं ते उतरतं, पण ते डॉक्टरांनी करायचं. दुसरी शक्यता, हा मॅनियाही असू शकतो, म्हणजे मन आजारानेच अवाजवी उसळलेलं. झोप किती होते बघा. तीन-चार तास झोपून ताजेतवाने, बडबड वाढलीय, मोठमोठे बेत चाललेत, असं असेल तर तेही सांगा. तुम्हाला नको असेल तेव्हा नाही म्हणायचं, औषधाचा परिणाम आहे म्हणून सहन करायचं नाही, आणि हात उचलत असतील तर त्या रात्री माहेरी किंवा शेजारी.

पुढची तारीख महिन्याने असेल तर तोवर थांबू नका, याच आठवड्यात जा. ते बरोबर यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या गेलात तरी डॉक्टर ऐकून घेतात. जाताना औषधांच्या स्ट्रिपा आणि बँकेच्या पासबुकाची एंट्री मारून न्या, रमीचे पैसे कुठल्या तारखेपासून जायला लागले आणि गोळी कुठल्या तारखेला बदलली हे शेजारी शेजारी ठेवून बघायचंय.